सहलीचा बेत

सहलीस प्रत्यक्ष जाण्यापेक्षां सहलीचा बेत करण्यांतच अधिक गोडी आहे, असें मानणारा एक पंथ आहे. आमच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या खोलींत त्याचे अनुयायी बरेच भेटतात. सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतां तपासतां हे लोक काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत फिरून येतात, आणि सुटी लागली म्हणजे घरीं आरामखुर्चींत पडून राहतात. आम्हीं या पंथाची दीक्षा अद्यापि घेतलेली नाहीं. आमच्या अनुभवास तर असें आलें आहे कीं, बेत हीच सहलींतली सर्वांत अवघड चढण होय. एकदां गाडी सुरू झाली कीं रस्ता नेईल तिकडे माणसें जातात. परंतु बेत करूं लागतांच पांच माणसांच्या घरांत पांच निरनिराळे समुद्र आहेत असें आढळून येतें, आणि ते सगळे एका किनाऱ्यास लावावे लागतात. भगीरथास एकच गंगा खालीं आणावयाची होती.

यंदा दिवाळीच्या सुटींत कोंकणच्या किनाऱ्यावर सहकुटुंब जावें, असा ठराव आमच्या घरीं भाद्रपदांतच मंजूर झाला. ‘कुटुंब’ हा शब्द मराठींत मोठा फसवा आहे. जुन्या पत्रव्यवहारांत कुटुंब म्हणजे पत्नी. खानेसुमारीच्या कागदावर कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारीं सगळीं माणसें. आमच्या घरीं या दोन अर्थांत फारसें अंतर उरलेलें नाहीं, कारण दुसऱ्या अर्थाच्या कुटुंबाच्या जेवणाचा भार पहिल्या अर्थाच्या कुटुंबावरच असतो. असो. दुसऱ्या अर्थानें आम्ही पांच जण: चौऱ्यायशीं वर्षांची आई, आम्ही उभयतां, चिरंजीव आणि कन्या. चिरंजीव जानेवारींत नोकरीनिमित्त जर्मनीस जावयाचे आहेत, तीन वर्षांच्या करारावर. चौऱ्यायशीं आणि तीन या दोन आंकड्यांची बेरीज घरांत कोणी उघड करीत नसे. मनांत मात्र सगळींच करीत होतीं. म्हणूनच सहलीची गोष्ट निघतांच एरवीं निघणारी एकहि हरकत कोणीं काढली नाहीं. आम्हीं उत्तरपत्रिकांची काढली नाहीं, सौ.नीं खर्चाची काढली नाहीं, आणि आईनें गुडघ्यांची काढली नाहीं.

चिरंजीवांनीं दोन दिवसांत संगणकावर एक कोष्टक तयार केलें. पांच दिवस, सहा गांवें: दिवेआगर, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, गणपतिपुळें आणि मालवण. प्रत्येकासमोर पोहोंचण्याची वेळ, निघण्याची वेळ, पाहावयाचीं स्थळें व जेवणाचें ठिकाण. मालवणास पाण्यांत बुडी मारून प्रवाळ व मासे पाहण्यासाठीं अडीच तास दिले होते. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेस चाळीस मिनिटें. सूर्यास्त मात्र रोज समुद्रावरच व्हावयाचा होता. कोष्टक इतकें नेटकें होतें कीं, तें पाहून आमच्या मनांत शिक्षकाचा आनंद आणि प्रवाशाचें भय हीं एकदमच उत्पन्न झालीं.

घाटावरच्या माणसास कोंकणचा किनारा म्हणजे वरून खालीं ओढलेली एक सरळ रेघ वाटते, आणि त्या रेघेवर गांवें माळेंतल्या मण्यांप्रमाणें ओंवलेलीं असावींत अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षांत ती रेघ ठिकठिकाणीं तुटलेली आहे. सह्याद्रीवरून उतरणारी प्रत्येक मोठी नदी समुद्रास मिळण्यापूर्वीं आपलें पात्र पसरते आणि शेजारच्या गांवांत फूट पाडते. हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामध्यें सावित्रीची खाडी, दाभोळ आणि धोपावें यांच्यामध्यें वाशिष्ठीची, तवसाळ आणि जयगड यांच्यामध्यें शास्त्रीची. पलीकडच्या तीरावरचे माड दिसतात, घरांचीं कौलें दिसतात. पण जमिनीवरूनच जाईन असा हट्ट धरला तर दाभोळहून गुहागरास जाण्यासाठीं चिपळुणाकडून वळसा घालावा लागतो. म्हणून या तिन्ही खाड्यांवर मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटी चालतात, आणि किनाऱ्याचा प्रवास मैलांवर नव्हे तर या बोटींच्या वेळांवर अवलंबून राहतो. कोंकण रेल्वेनेंहि ही अडचण दूर केलेली नाहीं. २६ जानेवारी १९९८ पासून ती सबंध मार्गावर धांवूं लागली खरी, पण ती बहुतेक ठिकाणीं किनाऱ्यापासून दूर, आंतल्या डोंगरांतून गेली आहे. खेड किंवा चिपळूण येथें उतरणाऱ्यास समुद्र अजून दूरच असतो. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाची वार्ता आम्ही तरुणपणापासून ऐकत आलों आहों. तो पुरा होईल तेव्हां किनारा एक होईल, आणि त्याबरोबर खाडी ओलांडतांना गाडींतून उतरून कठड्यापाशीं उभें राहण्याचीं तीं दहा-पंधरा मिनिटें जातील. आम्हांस त्याचें थोडें वाईट वाटेल. तेथल्या रहिवाशांस मुळींच वाटणार नाहीं, आणि तें योग्यच आहे.

कोष्टक आईस वाचून दाखविण्यांत आलें. ती देवघराच्या दाराशीं वाती वळीत बसली होती. सहाहि गांवांचीं नांवें तिनें न बोलतां ऐकून घेतलीं, आणि मग एवढेंच विचारलें, “हर्णैस असाल त्या दिवशीं तिथी कोणती रे?”

“कां ग आजी? उपास आहे का तुझा त्या दिवशीं?”

“उपासाचें काय घेऊन बसलास! भरती केव्हां येईल तें नको का कळायला?”

चिरंजीवांनीं लागलीच मोबाईल काढला. परंतु त्यावर तक्ता उघडण्यापूर्वींच आईनें कालनिर्णयाकडे बोट करून आपला हिशेब सांगितला. तिथीस पाऊणनें गुणावें, जो आंकडा येईल तितक्या वाजतां भरती पूर्ण; तेथून सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो कीं वद्य पक्ष, रीत तीच. “तुझ्या कोष्टकांत हर्णैस अष्टमी आहे. आठ पाऊण सहा. संध्याकाळीं सहाला पाणी केवड्यापर्यंत येऊन भिडलेलें असेल. फिरणार कुठें तुम्ही, वईवरून?” चिरंजीवांनीं मोबाईलवरचा तक्ता पाहिला, पुन्हां पाहिला, आणि वीस मिनिटांचा फरक आहे असें हळूच सांगितलें. पाऊणकीचा पाढा ज्या पिढीनें मराठी शाळेंत पाठ केला तिची आणि आकाशांतल्या उपग्रहांची अशी गांठ पडलेली पाहून आम्हांस, खरें सांगावयाचें तर, फार मौज वाटली.

हा हिशेब अडाण्याचा नव्हे. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, आणि भरतीहि त्याच्यामागून रोज तितकीच पुढें सरकते. पन्नास मिनिटांऐवजीं पाऊण तास धरला म्हणजे तोंडीं गुणाकार सोपा होतो. पांच मिनिटांची ही सूट पंधरवड्यांत तासापर्यंत जाते, पण प्रतिपदेस मोजणी नव्यानें सुरू होत असल्यामुळें चूक सांचून राहत नाहीं. होडी ढकलावयास निघालेल्या माणसास एवढी अचूकता पुरेशी आहे. आणखीहि एक गोष्ट त्यांत आपोआप येते. पौर्णिमा-अमावास्येस सूर्य आणि चंद्र एका रेषेंत ओढतात, म्हणून पाणी वर फार चढतें आणि तितकेंच दूरहि हटतें, हें उधाण. अष्टमीच्या सुमारास त्या दोघांची ओढ परस्परांस आडवी पडते आणि पाण्याची चढउतर मंदावते. त्यास तिकडे भांग म्हणतात. म्हणजे तिथी कळली कीं वेळ कळते आणि वाळू किती उघडी पडेल तेंहि कळतें. तारखेवरून यांतलें कांहींच कळत नाहीं. चिरंजीवांच्या कोष्टकांत हरिहरेश्वराची प्रदक्षिणा आदल्या दिवशीं, सप्तमीस, सायंकाळीं पांच वाजतां टाकली होती. ती वाट खडकांतून समुद्राच्या अगदीं कडेनें जाते आणि ओहोटीसच चालण्याजोगी असते. भरतीच्या वेळीं तेथें माणसें वाहून गेलेलीं आहेत. कोष्टक त्या रात्रीं मागें घेण्यांत आलें.

या अवधींत कन्येनें खोल्या पाहण्याचें काम अंगावर घेतलें होतें. ती वास्तुरचनेचा अभ्यास करीत आहे, त्यामुळें तिला कौलारू घर, पडवी, झोंपाळा यांशिवाय कांहीं पसंत पडत नव्हतें. तिनें मुरूडची एक सुरेख जागा शोधून काढली, पैसे भरणार तोंच आईनें विचारलें, “कोणतें मुरूड?” कोंकणांत मुरूड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यांत, जंजिऱ्याच्या समोरचें. दुसरें दापोली तालुक्यांत, हर्णैच्या शेजारचें. कन्येचें मुरूड पहिलें होतें. आईचें दुसरें.

आणि येथें आमच्या बेतांतली खरी खाडी लागली. आईचें माहेर या दुसऱ्या मुरूडचें. ज्या मुरूडांत महर्षि कर्व्यांचें बालपण गेलें आणि जेथून ते १८७५ सालीं परीक्षेसाठीं साताऱ्यापर्यंत पायीं चालत गेले, तेंच हें गांव. (साताऱ्यास पोहोंचल्यावर, वयानें लहान दिसतां, असें सांगून परीक्षकांनीं त्यांस बसूं दिलें नाहीं. आमचे विद्यार्थी बस चुकली म्हणून परीक्षा पुढें ढकलण्याचे अर्ज आणतात तेव्हां आम्हांस ही गोष्ट आठवते, पण आम्ही ती सांगत नाहीं.) आई १९६२ सालीं लग्न होऊन पुण्यास आली. आमच्या मामांनीं तें घर आणि वाडी १९८८ सालीं विकली, त्यानंतर ती तिकडे गेलेली नाहीं. पुढें ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर चढलें, आणि दिवेआगरापासून दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून धरावयास सहा-सात वर्षें तरी लागतात. विकलेल्या त्या वाडींत आतां उन्हें थेट विहिरीपर्यंत येतात, असें एका नातलगानें कळविलें होतें. तें पत्र आम्हीं आईस वाचून दाखविलें होतें, पण त्यावर ती काय म्हणाली हें कोणासच आठवेना, कारण ती कांहींच म्हणाली नव्हती.

मुरूडास न्यावें, तर चौऱ्यायशींव्या वर्षीं तिला दुसऱ्याच्या झालेल्या अंगणापुढें उभें करावयाचें. न न्यावें, तर हर्णैहून दीड कोसावरचें माहेर डावलून पुढें जावयाचें. सौ.चें आणि आमचें यावर दोन-तीन रात्रीं बोलणें झालें. हर्णैच गाळून बाणकोटाहून आंतल्या रस्त्यानें दाभोळ गांठावें, असाहि एक मार्ग नकाशावर निघाला. नकाशावर सगळेच मार्ग निघतात.

दरम्यान कन्येचा शोध चालूच होता. जाहिरातींतून ‘समुद्राकडील खोली’ असा एक वर्ग असतो आणि त्यास भाडें अधिक पडतें. तिनें हा प्रकार आजीस समजावून दिला. आई हंसूं लागली. “समुद्राकडे तोंड करून घर कोण बांधील ग? खारा वारा ताटवाट्यासुद्धां खातो.” मग तिनें जमिनीवर बोटानें आपलें गांव काढून दाखविलें. मधोमध एकच रस्ता, दोन्ही अंगांस घरें. समुद्राच्या बाजूचें घर असलें तरी त्याचें तोंड रस्त्याकडे. पुढें अंगण, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर. मागल्या दारीं विहीर आणि तिच्यावरचा रहाट. त्यामागें पाटाच्या पाण्यावर वाढणारी वाडी. वाडीच्या टोंकाला केवड्याची वई. आणि वईच्या पलीकडे समुद्र. सबंध गांव समुद्राकडे पाठ करून बसलेलें. कन्येनें तें चित्र पुसूं दिलें नाहीं. तिनें त्याचा फोटो काढला.

इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकास या ठिकाणीं थोड्या विषयांतराची मोकळीक असावी. समुद्राकडे शोभा म्हणून पाहण्याची संवय खुद्द इंग्रजांसहि फार जुनी नाहीं. डॉक्टर रिचर्ड रसेल यांनीं समुद्राचें पाणी हें ग्रंथींच्या विकारांवर औषध आहे असें सांगणारा लॅटिन ग्रंथ १७५० सालीं लिहिला. त्याचें इंग्रजी लवकरच झालें, आणि ब्रायटन या मासेमाऱ्यांच्या गांवाचें हळूहळू श्रीमंतांचें नगर झालें. राजे तिसरे जॉर्ज १७८९ सालीं वेमथ येथें समुद्रस्नानास गेले तेहि प्रकृतीसाठीं. जेन ऑस्टिननें १८१७ सालीं मृत्यूपूर्वीं अपुरी टाकलेली ‘सँडिटन’ ही कादंबरी अशाच एका नव्या किनारी गांवाची, तेथल्या खोल्या भाड्यानें देण्याच्या उत्साहाची आणि कल्पित दुखण्यांची थट्टा आहे. आधीं वैद्यानें समुद्र दिला, मग खोलीवाल्यानें खिडकी दिली, आणि सरतेशेवटीं कवीनें ती उघडली. कोंकणांत मधला वैद्य आलाच नाहीं. तेथें समुद्र म्हणजे खारव्या-कोळ्यांचें शेत, आणि बाकीच्यांचा मुंबईचा रस्ता. शिवाय किनाऱ्यावरच्या पुष्कळ गांवांचें स्मशानहि वाळूच्याच कडेला असतें. तेव्हां संध्याकाळीं उगाच समुद्रावर जाऊन बसणें हें त्या पिढीच्या दृष्टीनें रिकामपणाचें, नाहीं तर अशुभाचें लक्षण होतें.

आईची समुद्राशीं ओळख झाली ती रस्ता म्हणूनच. बारा वर्षांची असतांना ती मुंबईच्या काकांकडून बोटीनें घरीं परत आली होती. भाऊच्या धक्क्यावर वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या रिकाम्या पेट्या. रात्रभर डेकवर उलट्या करणाऱ्या बायका. आणि मग हर्णैसमोर बोट दूर पाण्यांत उभी राहिल्यावर पडावांत उतरण्याची ती धडपड. पडावहि कोरड्या जमिनीस लागत नसे. शेवटल्या गुडघाभर पाण्यांतून एका खारव्यानें तिला खांद्यावर बसवून किनाऱ्यास आणून ठेविलें. घरांतल्यांचा जीव तिच्या वाटेकडे लागलेला होता, कारण त्यापूर्वीं सहाच वर्षांखालीं, १७ जुलै १९४७ रोजीं, मुंबईहून रेवसकडे जाणारी ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं होतीं, आणि तेव्हांपासून तिच्या आजीनें बोटीनें येणाऱ्या माणसाच्या नांवें देवापुढें नारळ ठेवण्याचा परिपाठ घातला होता. हें सगळें आम्हीं लहानपणीं पुष्कळदां ऐकलेलें आहे. त्यांत भीति होती, मौज होती, उलट्या होत्या. समुद्र कसा दिसला तें मात्र त्यांत कधींच नव्हतें.

कां नव्हतें याचा उलगडा आम्हांस सौ.कडून झाला. आई मुलाशीं अशा गोष्टी बोलत नाहीं. सुनेशीं स्वयंपाकघरांत बोलते. नकाशावरच्या मार्गांस कंटाळून सौ.नीं एके दिवशीं सरळच विचारलें, “आई, मुरूडला जाऊं म्हणतों आहोंत. पण तें घर, ती वाडी, तुम्हांला पाहवेल का?”

“घर पाहायचें कोण म्हणतंय? विकलें तेव्हांच तें पाहून झालें. ज्यांचें आहे त्यांच्या दारांत उभी राहून मी काय करूं? मला समुद्र पाहायचा आहे.”

“समुद्र तर तुमच्या मागल्या दारींच होता कीं!”

“दारीं होता म्हणून तर राहिला.”

आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत ती भावांबरोबर शिंपले वेंचावयास जात असे. पुढें केवड्याच्या वईपलीकडे जावयाचें नाहीं असें ठरलें; कोणी बोललें नाहीं, नुसतें ठरलें. दिवेलागणीच्या वेळेस मुलीनें घरांत असावें. रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या भरती आहे कीं ओहोटी हें तिला आवाजावरून कळत असे. अजूनहि झोंपेंत कधीं कधीं तो आवाज येतो, असें ती म्हणाली. त्रिपुरी पौर्णिमेस देवळांत त्रिपूर पाजळला म्हणजे मुली आयांबरोबर घरीं परतत, आणि मुलगे तसेच वाळूवर पळत. भाऊ रात्रीं उशिरां घरीं येत, पाय वाळूनें भरलेले. आणि सांगत कीं, पाणी इतकें लांब गेलें आहे, आणि ओल्या वाळूंत चंद्र उभाच्या उभा दिसतो. “सत्तर वर्षें मी त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवून आहे,” असें म्हणून आईनें निवडलेले तांदूळ सौ.च्या हातीं दिले. ते दोन्ही भाऊ आतां हयात नाहींत.

दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं सौ.नीं कोष्टकाच्या कागदावर पेन्सिलीनें पांच गांवांवर काट मारली. हर्णैच्या जागीं ‘मुरूड, दापोलीचें’ असें लिहिलें, त्याच्यापुढें ‘तीन रात्री’, आणि तारखेच्या जागीं त्रिपुरी पौर्णिमा. पुण्याहून अंतर सुमारें दोनशें किलोमीटर. मालवणाच्या निम्मेंच म्हणावयाचें. पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी सायंकाळीं सव्वापांचच्या पुढें, सूर्यास्त त्यानंतर लगेच, आणि चंद्र मागल्या डोंगरावरून त्याच सुमारास वर.

चिरंजीव अर्थातच नाराज झाले. तीन रात्री एकाच गांवीं करावयाचें काय, असा त्यांचा प्रश्न होता. आम्हीं त्यांस सांगूं पाहिलें कीं, पांच दिवसांत सहा गांवें पाहणारा माणूस मुख्यतः सहा उशा पाहतो. पण प्राध्यापकांचीं वाक्यें घरांत फारशीं चालत नाहींत. सौ.नीं त्यांस आजीची हकीकत त्या वेळीं सांगितली नाहीं, एवढेंच म्हणाल्या, “तूं परत येशील तेव्हां मालवण तिथेंच असेल.” यावर चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं आंतून पंचांग आणून टेबलावर ठेविलें.

पुढच्या वाटाघाटी त्यामानानें किरकोळ होत्या. चिरंजीवांस हर्णैचा मासळीचा लिलाव मिळाला: होड्या परतल्या कीं वाळूवर टोपल्यांचे ढीग लागतात आणि बैलगाड्या पाण्यांत शिरून माल बाहेर आणतात. एका सकाळीं डॉल्फिन पाहावयास होडींतून जाण्याचाहि त्यांस अधिकार देण्यांत आला. कन्येस आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपति आणि आसूदचें केशवराजाचें देऊळ. शिवाय समुद्रांतला सुवर्णदुर्ग, जो १७५५ सालीं कमोडोर जेम्स यानें तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आसूदच्या पायऱ्या आईस चढवणार नाहींत, तेव्हां त्या सकाळीं आम्ही आणि ती मुरूडासच राहूं. सौ.नीं स्वतःसाठीं एकच मागणी केली. तीन दिवस ‘आज काय करायचें?’ हा प्रश्न त्यांस कोणीं विचारूं नये. ही मागणी आम्हांस प्रथम विनोदाची वाटली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहतां ती तशी नव्हती, म्हणून ती लेखी नमूद करण्यांत आली.

आमच्यापुढें राहिला तो रजेचा प्रश्न. त्रिपुरी पौर्णिमा दिवाळीनंतर पंधरा दिवसांनीं येते आणि आमची सुटी तोंपर्यंत संपलेली असते. अर्जाच्या छापील नमुन्यांत कारणासाठीं दीड ओळ जागा आहे. ‘आईस ओहोटी दाखविणें’ हें कारण त्या दीड ओळींत सहज मावतें. तथापि आम्हीं ‘घरगुती काम’ असें लिहिलें, आणि अर्ज मंजूर झाला.

काल मुरूडास दूरध्वनि केला. कन्येनें निवडलेलें घर जुनें आहे, रस्त्यालगतचें, मागें वाडी असलेलें. वादळानंतर मालकांनीं पोफळी पुन्हां लावल्या आहेत. घरच्या बाईच बोलल्या. खोल्या दोन मोकळ्या आहेत, एक पुढली आणि एक मागली. मागलींतून समुद्र दिसतो, म्हणून तिचे पैसे जास्त पडतील. आम्ही विचार करीत आहों तोंच आई आंतून म्हणाली, “मला पुढली सांग रे. दार उघडलें कीं जाणारीं येणारीं माणसें दिसतात.” मग तिनें दूरध्वनि आपल्याच हातीं घेतला, आणि त्या बाईंशीं पाव तास बोलली: विहिरीचें पाणी मचूळ झालें आहे का, केवड्याची वई आहे कीं तारेचें कुंपण, देवळांत त्रिपूर कोण पाजळतो. वईपासून ओल्या वाळूपर्यंत कोरडी वाळू किती, हें तिनें दोनदां विचारलें. खुर्ची नेऊन ठेवूं, असें त्या म्हणाल्या असाव्यात, कारण आईचें उत्तर आम्हांस ऐकूं आलें: “खुर्ची कशाला? ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर मी चालेन. कोरडींतून तेवढा कोणाचा हात लागेल.”

आज सकाळीं कोष्टकाची नवी प्रत टेबलावर होती. तींत एकच गांव आहे, आणि वेळेच्या रकान्यांत पौर्णिमेच्या दिवशीं फक्त एक नोंद: ‘५–१५, ओहोटी. कोरडी वाळू सुमारें साठ पावलें.’ तिच्यासमोर चिरंजीवांनीं स्वतःचें नांव घातलें आहे. आई वातींचा डबा घेऊन बसली आहे. त्रिपुरासाठीं साडेसातशें वाती घरूनच नेणार, असें ती म्हणते. सौ.चें म्हणणें, वातींबरोबर एक लोंकरी शाल आणि गुडघ्यांचें तेल यादींत घातलें पाहिजे, आणि यादी कोणी तरी करावयास घेतली पाहिजे.